शिट्टीमामांचा वचक

शिट्टीमामांना एक खरं नावही होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघायचं. एरवी अख्ख्या शहराचे ते शिट्टीमामा. लहान पोरं हे नाव त्यांच्या पाठीमागे घ्यायची आणि तीच पोरं मोठी झाल्यावर तोंडावर घ्यायची, एवढाच काय तो फरक. शहरातल्या मोठ्या बागेचे ते रखवालदार. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिच्यात मामा आणि मामी राहायचे. खोलीच्या खिडकीतून सगळी बाग दिसायची, आणि मामांच्या मते देवाने डोळे त्यासाठीच दिले होते.

त्या बागेत फुलझाडं होती, हिरवळ होती, मोठ्या झाडाखाली एक झोपाळा आणि एक घसरगुंडी होती. पण खरी भरभराट होती ती पाट्यांची. हिरवळीवर चालू नये. फुलं तोडू नयेत. चेंडू आणू नये. बाकावर आडवं होऊ नये. झोपाळा दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. एक पाटी तर नुसतीच ‘सक्त मनाई आहे’ अशी होती. कशाला, तो वरचा भाग उन्हापावसाने कधीच खाऊन टाकला होता. त्या पाटीच्या आसपास लोक काहीच करायचे नाहीत. उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या?

आणि पाट्या न वाचणाऱ्यांसाठी मामांची शिट्टी होती. पितळी, काळ्या दोरीला बांधलेली, आंघोळीपुरतीच गळ्यातून निघणारी. एक आखूड शिट्टी म्हणजे ‘उतर खाली’. दोन लांब शिट्ट्या म्हणजे ‘बाग बंद, निघा’. एवढ्या दोन शब्दांच्या भाषेवर मामांनी सगळी नोकरी काढली. शहरातल्या दोन पिढ्यांना ही भाषा आईच्या भाषेच्या जोडीने येत होती.

आता हा एवढा वचक आला कुठून, तेही सांगायला हवं. सुरुवातीला मामांना कुणी भीक घालत नव्हतं. शिट्टी वाजली की पोरं वाकुल्या दाखवायची. अशातच एका संध्याकाळी त्या वेळचे उद्यान अधीक्षक, म्हणजे मामांचे मोठे साहेब, पाहणीला आले. झोपाळ्यावर एक मुलगी बसली होती. नवा फ्रॉक, भोवती मैत्रिणींचा घोळका, आणि झोका असा उंच की पाय फांदीला लागत होते. ती मामांचीच लेक. त्याच दिवशी तिला दहा पुरी होऊन अकरावं लागलं होतं. साहेबांनी सहज विचारलं, ही केवढी असेल हो? मामांनी ‘नऊ’ म्हटलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. साहेबांना काय, ती कुणाची हेसुद्धा माहीत नव्हतं. पण मामा कर्तव्याला जागले. त्यांनी शिट्टी मारली. पोरीला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल, बाबा आपल्याला कशाला शिट्टी मारतील? ती झोके घेतच राहिली. मग मामा गेले, त्यांनी साखळी धरली आणि सगळ्या मैत्रिणींदेखत तिला खाली उतरवलं.

ही रखवालदाराचीच मुलगी आहे हे कळल्यावर साहेब भारावून गेले. त्यांनी प्रशस्तिपत्र दिलं, ‘सदर कर्मचाऱ्याचा लोकांवर उत्तम वचक आहे.’ मामांनी ते चौकटीत घालून पलंगावरच्या भिंतीला टांगलं. आणि शहरात बोलबाला झाला, की अरे, जो पोटच्या पोरीला सोडत नाही तो आपल्याला काय सोडणार? त्या दिवसापासून एक शिट्टी पुरायला लागली.

लेक रडली नाही, म्हणजे कुणाला दिसेल अशी नाही. फक्त त्यानंतर ती झोपाळ्याकडे फिरकली नाही. त्याच खोलीत लहानाची मोठी झाली, खिडकीत बसून अभ्यास केला, लग्न होऊन गेली. आता दर रविवारी आपल्या मुलीला घेऊन माहेरी यायची, आणि ती नातही खोलीतच बसून चित्रं रंगवायची. बागेत जा म्हटलं तर म्हणायची, “आजोबांच्या बागेत खेळायचं नसतं.” मामा चारचौघांत कौतुकाने सांगायचे, पोर मोठी गुणाची आहे, वळण असावं तर असं. मामी तेव्हा भांडी जरा जोरात आपटायच्या.

तर अशी ही बाग. तिच्या नशिबात नूतनीकरण आलं.

नवे साहेब दुसऱ्या शहरातून बदलून आले होते. वयाने तरुण, पायात खेळाडूंचे बूट, बोलताना हात वाऱ्यावर. त्यांनी पहिल्याच दिवशी बागेला चक्कर मारली आणि विचारलं, “इथे लोक करतात तरी काय?” मामा अभिमानाने म्हणाले, “काही नाही साहेब. काही करूच देत नाही आम्ही.” साहेबांनी डोक्याला हात लावला. पुढे वर्षभर बाग पत्र्यांआड बंद राहिली. खडी आली, वाळू आली, रंगाचे डबे आले. माती उकरायचं यंत्र पहिल्यांदा हिरवळीवर चढलं तेव्हा मामांनी शिट्टी मारली. यंत्राचा चालक याच शहरात वाढलेला. त्याने मुकाट्याने यंत्र मागे घेतलं आणि खाली उतरून उभा राहिला. अखेर साहेबांनी येऊन दोघांनाही समजावलं, की बाबांनो, हिरवळ उकरायचीच आहे, त्यासाठीच तर हे आणलंय.

नवी बाग झाली मात्र देखणी, यात वाद नाही. दोरांची उंच जाळी आली, पोरांनी माकडासारखं चढावं अशी. लोखंडी यंत्रांची ओपन जिम आली. जमिनीतूनच पाणी उडवणारं कारंजं आलं, सिमेंटचं टेबल टेनिसचं टेबल आलं, चालायला लाल मऊ पट्टी आली. हिरवळीभोवतीचं कुंपण गेलं. जुन्या झोपाळ्याच्या जागी, त्याच झाडाखाली, मोठ्यांनाही पेलेल असा भक्कम झोपाळा आला. पाट्या सगळ्या उपटल्या. मामींनी त्या वाया जाऊ दिल्या नाहीत. ‘फुलं तोडू नयेत’ पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसली, ‘बाकावर आडवं होऊ नये’ मामांच्या पलंगाखाली टेकू म्हणून गेली, आणि ‘सक्त मनाई आहे’ त्यांनी साखरेच्या डब्यासमोर ठेवली, कारण मामांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं.

उद्घाटनाला सगळं शहर लोटलं. फीत वगैरे कापायची नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. बागेचा सगळ्यात जुना माणूस शिट्टी वाजवेल आणि खेळाला सुरुवात होईल. कल्पना साहेबांची, आणि साहेब बाहेरगावचे, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण त्या गर्दीत शेकडो माणसं होती, मामा होते, मामी होत्या. कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट सगळ्यांना वाटलं, वा, काय मान दिलाय म्हाताऱ्याला.

साहेबांच्या सांगण्यावरून पोरं जाळीवर चढून तयार बसली होती. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई जिमच्या सायकलवर बसल्या होत्या. प्रमुख पाहुणे चार प्रतिष्ठितांसह हिरवळीच्या मधोमध उभे होते. साहेबांनी हात उंचावला. मामांचा ऊर भरून आला. त्यांनी छाती फुगवली आणि शिट्टी मारली.

जाळीवरची पोरं पिकल्या बोरांसारखी खाली पडली. डॉक्टरीणबाई सायकलवरून उतरल्या आणि पदर सारखा करून बाजूला उभ्या राहिल्या. प्रमुख पाहुणे, ज्यांच्यापुढे भलेभले हात बांधून उभे राहायचे, ते चवड्यांवर तोल सांभाळत, गवताला कमीत कमी त्रास होईल असे, वाटेवर जाऊन थांबले. सगळीकडे चिडीचूप. साहेबांना वाटलं, लोकांना नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी मामांना खुणेने सांगितलं, पुन्हा, जरा जोरात, लांबवून. गडबडलेल्या मामांनी दोन लांब शिट्ट्या मारल्या.

बाग रिकामी झाली. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी कुरकुरलं नाही. पोरांचे हात धरून सगळे शिस्तीत फाटकाबाहेर पडले. जाता जाता दोघाचौघांनी मामांना सांगितलं की कार्यक्रम सुरेख झाला. आत उरले साहेब, मामा, आणि जमिनीतून उडणारं कारंजं.

साहेब दुसऱ्या दिवशी खोलीवर आले. ओरडले नाहीत, हेच वाईट. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्यांनी सावकाश वाचलं. मग म्हणाले की मामा, लोकांनी खेळावं म्हणून ही बाग बांधली आहे, आणि तुम्ही उभे असेपर्यंत लोक खेळणार नाहीत, असं दिसतंय. महिनाअखेरीच्या रविवारी मी येईन. बाग भरलेली दिसली तर ठीक. नाहीतर तुमची बदली टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर. खोलीही मग नव्या माणसाला द्यावी लागेल.

मामा सुन्न झाले. टेकडीवर ना वस्ती, ना शेजार. या खोलीत त्यांचा संसार झाला होता, लेक इथे रांगली होती, खिडकीतून दिसणाऱ्या झोपाळ्याच्या झाडाला त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवलं होतं. आणि गुन्हा काय, तर काम चोख केलं. चोराला शिक्षा झाली तर समजू शकतो, पण इथे शिपायालाच शिक्षा. मामा दोन दिवस जेवले नाहीत धड. मग कंबर कसून लोकांना खेळवायला निघाले.

त्यांनी आधी सांगून पाहिलं. “खेळा,” ते म्हणायचे. पण तो शब्द त्यांच्या तोंडून असा निघायचा की लोक माफी मागायचे. एका गृहस्थाने तर हातातलं फूल खिशात लपवलं, जे त्याने घरून आणलं होतं. मग मामांनी हसून पाहिलं. मामांचं हसू शहरात कुणी पाहिलेलं नव्हतं. एक पोरगं भोकाड पसरून आईला बिलगलं. मग मामांनी खाकी उतरवून साधा सदरा घातला, तर लोक मामींकडे चौकशीला आले की मामांना काही दुखणंबिखणं आहे का. अखेर त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून दाराच्या खिळ्याला टांगली आणि खोलीत दडून बसले. काही उपयोग झाला नाही. लोक लाल पट्टीवरून एकामागे एक चालायचे, आणि खिडकीसमोर आले की जरा जास्तच सरळ चालायचे.

फाटकाबाहेर एक कुलूपवाला बसायचा. लहानपणी याच बागेतून त्याला इतक्या वेळा हाकललं होतं की तो शेवटी बाहेरच दुकान मांडून बसला, असं तोच सांगायचा. तो मामांना म्हणाला, “मामा, शहरातलं कुठलंही कुलूप मी उघडून देतो. पण तुम्ही या बागेला जे लावून ठेवलंय ना, त्याची किल्ली माझ्यापाशी नाही.”

मामा रागारागाने निघाले. घरी येऊन त्यांनी मामींपुढे सगळा पाढा वाचला. मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अहो, किल्ली बाहेर कशाला शोधताय?” त्या म्हणाल्या. “हे सगळं सुरू कुठून झालं? आपल्या घरातून झालं. तिला आधी बसवा झोक्यावर. मग बघू गाव काय करतं ते.”

मामा म्हणाले, तूच सांग ना तिला, तुझं ऐकते ती.

“शिट्टी मी मारली होती का?” मामी म्हणाल्या, आणि विषय संपला.

मामांना त्या रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं ते हा प्रसंग प्रशस्तिपत्राच्या बाजूनेच बघत आले होते. आज पहिल्यांदा ते झोपाळ्याच्या बाजूने बघायला गेले. तिला वाटलं होतं, बाबा आपल्याला शिट्टी मारणार नाहीत. हे एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. चुकलं होतं. चांगलंच चुकलं होतं, आणि त्याला चौकट करून डोक्याशी लावून ते निवांत झोपत होते.

महिनाअखेरीचा रविवार उजाडला. लेक नातीला घेऊन नेहमीसारखी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. बदलीचं तिला मामींकडून कळलं होतं. मामांनी तीनदा घसा खाकरला. शेवटी बाहेर बघतच म्हणाले, “नवा झोपाळा बघितलास का? बस की जरा.”

“माझं वय गेलं बाबा,” लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “दहा वर्षांपर्यंतच होतं ना ते?”

मामांनी खिडकीतून झोपाळ्याकडे पाहिलं. ते उठले. त्यांनी खाकी चढवली, टोपी घातली आणि बाहेर पडले. बागेत रविवारची माणसं होती, सगळी वाटेवर, सगळी सरळ. मामा हिरवळीवरून चालायला लागले तशी लोकांची पावलं थबकली. मामा झोपाळ्यापाशी गेले, त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि नव्या नवरदेवाने घोड्यावर बसावं तसे अवघडून त्यावर बसले.

झोका कसा घ्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर उतरवण्याचं काम केलेला माणूस तो. त्यांनी पाय पुढे केले तर अंग मागे गेलं, अंग पुढे केलं तर टोपी पडली. साखळ्या कुरकुरल्या, गुडघेही कुरकुरले. तरी हळूहळू झोका लागला. पाय जमिनीवरून सुटले, तोंडाला वारा लागला आणि मामांना एकदम कळलं की हे भलतंच सुख आहे. फाटकाबाहेरचा कुलूपवाला हातातलं कुलूप तसंच टाकून आत आला. लोक वाटेच्या कडेला येऊन उभे राहिले. कुणी हसायचं धाडस केलं नाही, पुढे सरकायचं तर नाहीच. बघता बघता झोका उंच गेला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक, आखूड.

मामा उतरले. विचारबिचार काही नाही, शिट्टी वाजली आणि पायच आपसूक खाली लागले. झोपाळ्याशेजारी ते ताठ उभे राहिले, टोपी नाही, केस विस्कटलेले, चेहरा चोरी पकडल्यासारखा. सगळ्या शहराच्या नजरा त्यांच्यावर, आणि त्यांना कुठे बघावं कळेना.

खोलीच्या दारात लेक उभी होती. खिळ्यावरची शिट्टी तिच्या ओठांत होती. ती हिरवळीवरून चालत आली आणि त्यांच्यापुढे येऊन थांबली.

“कळलं कसं वाटतं ते?” तिने विचारलं.

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, “कळलं. माझं चुकलं गं त्या दिवशी. तुझ्या वाढदिवशी मी असं करायला नको होतं.”

त्यांनी हे हळू म्हटलं असेल, पण बागेत एवढी शांतता होती की ते फाटकापर्यंत ऐकू गेलं. लेकीचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले, शिट्टीची दोरी आपल्या गळ्यात घातली आणि चपला काढल्या.

“सरका,” ती म्हणाली. “माझा झोका अर्धा राहिला होता.”

ती बसली. मामांनी मागून पहिला हात दिला, नंतर तिला गरज लागली नाही. असल्या गोष्टी अंगातून जात नाहीत. दोन हेलकाव्यांत ती अशी वर गेली की पाय फांदीला लागले. नात खोलीच्या दारातून तोंडाचा आ करून बघत होती. आई झोक्यावर, आजोबांच्या बागेत, आणि आजोबा टाळ्या पिटतायत. तिने हातातला रंगाचा खडू टाकला आणि जी धावत सुटली ती थेट जाळीवर.

कुलूपवाला गदगदून हसायला लागला. हसता हसता जिमच्या सायकलवर जाऊन बसला. मग काय, धरण फुटलं. पोरं जाळीला लोंबकळली, पोरांचे बाप हिरवळीवर आडवे झाले, डॉक्टरीणबाई कारंज्यातून एकदा नकळत आणि दोनदा मुद्दाम गेल्या. दोन आजोबांनी टेबल टेनिसच्या टेबलावर असा काही खेळ मांडला की चेंडू कमी आणि शिव्या जास्त. कुलूपवाल्याने नंतर जाळीवर चढायचं मनावर घेतलं आणि मधेच अडकला, त्याला खाली काढायला चारजण लागले. मामा या सगळ्यात नुसते उभे होते. गळ्याकडे त्यांचा हात अधूनमधून जात होता आणि रिकामा परत येत होता.

साहेब आले तेव्हा बाग बंद करायची वेळ टळून गेली होती. फाटकाशी ते थबकलेच. त्यांनी जाळी पाहिली, चिंब डॉक्टरीणबाई पाहिल्या, तुडवलेली हिरवळ पाहिली. मग मामांना शोधत झोपाळ्यापाशी आले आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, “मामा, वेळ झाली. शिट्टी मारा, बंद करू या.”

मामांनी साहेबांकडे पाहिलं. असेच एक साहेब, हेच झाड, हाच झोका. त्यांना टेकडीवरची टाकी डोळ्यांपुढे दिसली, खोलीला लागलेलं दुसऱ्याचं कुलूपही दिसलं. तरी ते बोलले.

“साहेब, शिट्टी तिच्याकडे आहे. ती माझी लेक आहे, आणि ती झोक्यावर आहे. तिचं झाल्याशिवाय मी तिला उतर म्हणणार नाही. काय कारवाई करायची ती करा.”

साहेबांनी मान वळवून बागेकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी वेळेकडे लक्ष देत नव्हतं. साहेब येऊन उभे आहेत याचंही कुणाला काही नव्हतं. एक चेंडू येऊन त्यांच्या बुटावर आपटला आणि तो न्यायला आलेले आजोबा त्यांनाच ‘बाजूला व्हा हो’ म्हणाले.

“मामा,” साहेब म्हणाले, “तुमचा इथे काडीचाही वचक राहिलेला नाही.”

“नाही साहेब,” मामा खाली मान घालून म्हणाले. “मग टाकीवर हजर कधी होऊ?”

“टाकीवर तुम्हाला पाठवून काय करू? तिथे पोरं चोरून पोहायला उतरतात. तिथे वचक असलेला माणूस लागतो.” साहेब हिरवळीवर मांडी घालून बसले आणि बूट सैल करत म्हणाले, “तुम्ही इथेच राहा. बसा. तुमच्या मुलीचं होऊ द्या.”

मामा बसले. त्या हिरवळीवर ते जन्मात पहिल्यांदा बसत होते. ती एवढी ओलसर असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मामी खोलीतून येऊन त्यांच्याजवळ टेकल्या. अंधार पडत आला, लोक आपापले घरी निघाले, आया पोरांना हाका मारायला लागल्या. लेकीचा झोका हळूहळू लहान होत गेला. मग तिने पाय टेकवून तो थांबवला, क्षणभर तशीच बसली, आणि उठून चपला शोधायला लागली. तिला कुणी उतरवलं नव्हतं. तिचं पुरेसं झालं होतं, म्हणून ती उतरली.

दोरी गळ्यातून काढून तिने शिट्टी मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती वाजवली नाही, खिशात टाकली, आणि नातीला जाळीवरून खाली ये म्हणून हाक मारायला गेले. नात म्हणाली, अजून पाच मिनिटं. मामा म्हणाले, बरं.